लढाईतली जीप की मुंबईची?

प्रश्न : आमच्या अकोल्याच्या घरामागे, गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये आजोबांची जीप उभी आहे. आजोबांनी ती १९७४ साली एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली. राजूरच्या बाजाराला, कोतूळला, भंडारदऱ्याला आणि गावातल्या कितीतरी वरातींना ती गेली. गेली वीस वर्षे मात्र ती जागची हललेली नाही. घरात सगळे तिला 'लढाईतली जीप' म्हणतात. ही दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन विलीज आहे, असे आजोबा सांगत. बोनेटच्या कुशीवर विलीज अशी उठावाची इंग्रजी अक्षरेही आहेत. मागच्या महिन्यात पुण्याहून एक खरेदीदार आले. दुरूनच बघून म्हणाले, "ही महिंद्रा आहे. बोनेट आणि जाळी बदलून लढाईतली करून घ्या, मग किंमत येईल." माझ्या पुतण्याला जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे वेड आहे. तो म्हणतो, जाणकार माणूस जॅग्वार नाहीतर पोर्शचा नुसता फोटो बघून साल सांगतो. जीपचेही असे पत्र्यावरून ओळखता येते का? सोबत फोटो पाठवत आहे.
— एक वाचक, अकोले

उत्तर : ओळखता येते. तुमच्या पाकिटातला पहिला फोटो हातात घेतला तेव्हाच अर्धे उत्तर मिळाले. तुमच्या जीपचे बोनेट उंच आहे. समोरून पाहिले तर बाकीच्या अंगाच्या मानाने जाळी मोठी आणि कपाळ रुंद दिसते. लढाईतल्या जीपचे बोनेट एवढे उंच कधीच नव्हते. पुण्याचे खरेदीदार तेवढ्यावरच दुरून बोलले, आणि त्यांचे निदान बरोबर आहे. त्यांचा सल्ला मात्र तुम्ही मानू नये, असे मला मनापासून वाटते. त्याकडे येतोच.

आधी बोनेट उंच का झाले ते बघू. १९४१ ते १९४५ या काळात विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. विलीजच्या गाडीचे नाव एमबी, फोर्डच्या गाडीचे जीपीडब्ल्यू. त्यांच्या चार सिलिंडरच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूला बसवलेले होते, त्यामुळे वरचे हेड म्हणजे नुसते चपटे झाकण. इंजिन बुटके, म्हणून बोनेट बसके. लढाईनंतर याच इंजिनातून जास्त ताकद काढायची ठरली, तेव्हा विलीजने हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उचलून वर हेडमध्ये नेले आणि धूर बाहेर टाकणारे होते तिथेच ठेवले. साठ अश्वशक्तीचे इंजिन सत्तरच्या पुढे गेले, पण उंचही झाले. जुन्या बोनेटखाली ते मावेना. मग १९५३ साली कंपनीने जाळी आणि बोनेट सरळ वर उचलले आणि मागचे अंग जवळजवळ होते तसेच ठेवले. हेच मॉडेल सीजे-३बी. आपल्याकडे गॅरेजात आजही 'हाय बोनेट' म्हणतात ते हेच. तेव्हा उंच बोनेटची जीप आजोबांनी कुठूनही घेतलेली असो, ती लढाई संपल्यानंतर किमान आठ वर्षांनी जन्मलेली आहे.

लढाईतल्या जीपचा चेहरा निराळा. अगदी सुरुवातीच्या पंचवीस हजारांवर विलीज गाड्यांना पत्र्याची जाळी नव्हतीच. लोखंडी पट्ट्या उभ्या लावून वेल्डिंग केलेला एक पिंजरा होता, आपल्याकडच्या जुन्या खिडक्यांच्या गजांसारखा. पुढे फोर्डने एकाच पत्र्यात उभ्या फटी कापलेली, दाबून घडवलेली जाळी काढली. ती हलकी आणि स्वस्त, म्हणून विलीजनेही तीच घेतली. तिच्यात नऊ फटी असतात. दिवे लहान आणि जाळीच्या मागे आत बसवलेले. त्यांची खुंटी बिजागरीवर फिरते. रात्री इंजिनात काम करायचे असेल तर बोनेट उघडायचे, पंखांचा नट सैल करायचा आणि दिवा उलटा करून त्याचा उजेड थेट इंजिनावर पाडायचा. लढाईनंतर शेतकऱ्यांसाठी जी सीजे-२ए निघाली तिच्या जाळीला सातच फटी राहिल्या, कारण दिवे मोठे झाले, बाहेर आले आणि त्यांनी कडेची जागा घेतली. तुमच्या फोटोत सात फटी आहेत आणि दिवे बाहेर आहेत.

काच पाहा. लढाईतल्या गाडीला आणि सीजे-२एला मधोमध दांडी असलेली दोन तुकड्यांची काच होती. १९४९ च्या सीजे-३एपासून ती एकसंध झाली. मागे जाऊन पाहा. लढाईतल्या गाडीला फाळका नसतो. मागचा पत्रा बंद, त्यावर उजव्या हाताला स्टेपनी आणि डाव्या हाताला पेट्रोलच्या डब्याची चौकट. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत झाकणाच्या, हत्यारे ठेवायच्या पेट्या. बाहेरून डाव्या कुशीवर फावडे आणि कुऱ्हाड अडकवायला पत्र्यात दाबलेले खोलगे. ही सगळी सैनिकाची सोय. शेतकऱ्याला मागून पोती चढवायची होती, म्हणून शेतावरच्या गाडीला साखळ्यांवर उघडणारा फाळका आला आणि स्टेपनी बाजूला गेली. सुरुवातीच्या काही सीजे-२ए गाड्यांवर कुऱ्हाडीचे खोलगे राहून गेले, कारण लढाईच्या काळातलेच पत्रे वापरले गेले. त्यामुळे नुसता खोलगा दिसला म्हणून लढाईची गाडी असे म्हणता येत नाही.

आता खरी अडचण. जाळी, बोनेट, मडगार्ड, काचेची चौकट, फाळका हे सगळे बोल्टवर बसतात. एका दुपारी चार पाने घेऊन बसलो तर हे सगळे उतरवून दुसऱ्या गाडीचे बसवता येते. जीप रणांगणावर चटकन दुरुस्त व्हावी म्हणूनच ती तशी बांधली होती. आपल्याकडे लढाईनंतर लष्कराच्या डिस्पोजलच्या माळावरून जीप विकल्या गेल्या, पुढे खात्यांच्या लिलावांतून विकल्या गेल्या. मडगार्ड चेपले की मिळेल ते मडगार्ड लागले. तीस-चाळीस वर्षांत एका जीपने तीन गाड्यांचा पत्रा अंगावर घेणे ही नेहमीची गोष्ट आहे. जाळी पाहून तुम्हाला जाळीचे वय कळते, गाडीचे नाही.

मी स्वतः यात एकदा चुकलो आहे. पुण्याजवळच्या एका गृहस्थांनी बोलावले म्हणून जीप बघायला गेलो. नऊ फटी, आतले दिवे, बसके बोनेट, त्यावर पांढरी चांदणी. मी ती लढाईतली म्हणून सांगितली. त्यांनी तेवढ्यावर पैसे मोजले. पुढे रंग काढायला घेतल्यावर आतून दुसरीच गाडी निघाली. त्यांचे पैसे माझ्या शब्दावर गेले, आणि ते मला अजून सलते. तेव्हापासून मी जाळीकडे शेवटी बघतो. आधी गुडघे टेकून खाली जातो.

खाली काय असते? चासीच्या दोन लांब दांड्यांना पुढे जोडणारा एक आडवा दांडा असतो, रेडिएटरच्या खाली. विलीजच्या एमबीत तो गोल नळीचा असतो. फोर्डच्या गाडीत तोच दांडा चौकोनी, उलट्या पन्हळीसारखा असतो. एरवी या दोन गाड्यांचे भाग एकमेकांना चालतील असेच घडवलेले होते, पण हा दांडा दोघांनी आपापल्या पद्धतीने केला आणि तो चासीत कायमचा बसवलेला आहे. तो सहज बदलत नाही. फोर्डने आणखी एक केले. आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरही आपले एफ हे अक्षर उठवले. सुरुवातीला दोन्ही कंपन्यांनी मागच्या पत्र्यावरही आपापले नाव ठळक दाबले होते. सैन्याला फुकटची जाहिरात नको होती, म्हणून १९४२ मध्ये ते बंद झाले. असा मागचा पत्रा कुठे मिळाला तर त्याला हात लावण्याआधी दहादा विचार करा.

दुसरी गोष्ट म्हणजे जोड. कारखान्यात दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग करतात. त्याने मसुराच्या डाळीएवढे गोल खळगे पडतात आणि ते सारख्या अंतरावर एका रांगेत असतात. गॅरेजात गॅसने किंवा इलेक्ट्रिक वेल्डिंगने जोडलेला पत्रा वेगळा दिसतो. त्याला मण्यांसारखी ओबडधोबड शिवण येते, आणि ती घासून वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून हळू फिरवा. जिथे ते सैल पडते तिथे लांबी आहे. बोटांच्या पेरांनी टकटक करा. कोरा पत्रा वाजतो, लांबी भरलेला मुका राहतो. लांबीखाली काय दडवले आहे, तिथे खरी चौकशी सुरू होते.

तुमचे पत्र आल्यावर पंधरा दिवसांनी मी राजूरकडे निघालो होतो, म्हणून अकोल्यात थांबलो. तुमच्या आईंनी दिलेला चहा शेडमध्येच घेतला आणि दोन तास गाडीभोवती फिरलो. तेव्हा पाहिले ते इथे लिहितो, म्हणजे दुसऱ्या वाचकांनाही उपयोग होईल.

टेप काढून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजले. ८० इंच भरले, म्हणजे सहा फूट आठ इंच. लढाईतली एमबी, सीजे-२ए, सीजे-३ए आणि सीजे-३बी या सगळ्यांचे हे माप ८० इंचच आहे, त्यामुळे एवढ्यावर निकाल लागत नाही. पण एक शक्यता मोडीत निघाली. पुढे महिंद्राने एमएम ५४० काढली, पूझोचे डिझेल इंजिन घातलेली, तिचे माप ९१ इंच. घोटीच्या रस्त्याला माणसे वाहणाऱ्या ज्या लांब जीप तुम्ही लहानपणी पाहिल्या असतील त्या बहुतेक या लांब घराण्यातल्या. तुमची गाडी आखूड घराण्यातली आहे.

मग काऊल. बोनेट जिथे संपते आणि काच जिथे उभी राहते, तिथली पत्र्याची आडवी पेटी म्हणजे काऊल. ती बॉडीचाच भाग आहे, बोल्टवर बसत नाही. उंच बोनेटच्या गाडीत काऊलही उंच केलेला असतो, नाहीतर बोनेटला मागे टेकायला जागाच मिळणार नाही. तुमच्या गाडीत मी डॅशबोर्डच्या खाली उताणा पडून बॅटरीच्या उजेडात त्याचा आतला जोड पाहिला. धूळ, कोळ्यांची जाळी, एका चिमणीच्या जुन्या घरट्याच्या काड्या, आणि त्यांच्या मागे सारख्या अंतरावरचे ते गोल खळगे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठेही खंड नाही. त्या काऊलला कारखान्यानंतर कुणी हात लावलेला नाही. त्या दोन तासांत मला सर्वांत आनंद झाला तो इथे.

लढाईतल्या सगळ्या जीपचे स्टीअरिंग डावीकडे होते. भारतात राहिलेल्या बऱ्याच गाड्यांचे पुढे उजवीकडे केले गेले. अशा गाडीत इंजिन आणि पाय यांच्यामधल्या पत्र्यावर डाव्या बाजूला पेडलच्या आणि स्टीअरिंगच्या जुन्या भोकांवर ठिगळे लावलेली सापडतात. तुमच्या गाडीत तसे एकही ठिगळ नाही. ती मुळातच उजव्या हाताची आहे.

मागचा फाळका मात्र नीट पाहावा लागला. आपल्याकडे लढाईतल्या गाड्यांचा मागचा बंद पत्रा कापून माणसे चढवायला वाट करत, त्यामुळे नुसता फाळका आहे म्हणून गाडी शेतीची असे ठरत नाही. कापलेल्या पत्र्याची कड उघडी असते आणि तिला आतून अँगल लावून जोर दिलेला असतो. कारखान्यात केलेल्या वाटेची कड वळवून दुमडलेली असते. तुमच्या फाळक्याच्या डाव्या बाजूची कड दुमडलेली आहे. उजव्या बाजूला अँगल आहे. कधीतरी मागून धडक बसली असावी आणि तो कोपरा कुणीतरी दुरुस्त केला असावा. तुमच्या आईंना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की सासरे एकदा विठे घाटातून येताना मागून ट्रक आदळला होता. घरातली आठवण आणि पत्रा एकमेकांना जुळले.

तळ खराब आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. घाटघर-भंडारदऱ्याच्या पावसात वर्षानुवर्षे फिरलेल्या गाडीचा तळ चांगला राहणारच नाही. त्यात कुणीतरी खालून डांबर फासले आहे. पाणी आत येऊ नये म्हणून लावले असेल, पण आत आलेले पाणी त्याने बाहेरही जाऊ दिले नाही. लढाईतल्या गाड्यांचीही हीच कथा होती. तळाला जोर द्यायला खाली टोपीच्या आकाराच्या पोकळ पट्ट्या असत आणि त्यांच्या पोकळीत लाकूड भरलेले असे. लाकूड ओल धरून ठेवी आणि पत्रा आतून खात जाई. जगभरात या गाड्यांचे तळ तिथूनच गेलेले सापडतात.

तेव्हा तुमची गाडी म्हणजे उजव्या हाताची, उंच बोनेटची सीजे-३बी, भारतात बांधलेली. मग बोनेटवर विलीज कसे? त्यासाठी मुंबईत जावे लागेल. २ ऑक्टोबर १९४५ रोजी महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. जे. सी. आणि के. सी. महिंद्रा हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद तिचे संस्थापक, आणि धंदा पोलादाचा. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. विलीजच्या गाड्या सुट्या भागांच्या पेट्यांतून बंदरात उतरत आणि माझगावात जोडल्या जात. मग एकेक भाग इथेच घडू लागला आणि काम कांदिवलीला वाढले. पत्रे दाबायचे साचे विलीजच्या नमुन्याचे, म्हणून सुरुवातीच्या बोनेटांवर विलीज हीच अक्षरे. नंतरच्या गाड्यांवर महिंद्राचे नाव आले. तुमच्या बोनेटवरची ती अक्षरे खोटी नाहीत. आजोबाही खोटे बोलले नाहीत. त्यांनी अक्षरे वाचली, आणि ती तशीच आहेत.

या गाडीचे पुढे जे झाले ते तुमच्या पुतण्याला जरूर सांगा. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ साली बंद झाली. जपानमध्ये मित्सुबिशीने तिच्यावरून घेतलेली गाडी १९९८ पर्यंत बांधली. आपल्याकडे ते अंग बदलत बदलत चालूच राहिले, आणि २०१० मध्ये थार आली तेव्हाही तिच्या सपाट मडगार्डांत तेच वळण होते. महिंद्राने याच जातीची रॉक्सर नावाची गाडी अमेरिकेत विकायला काढली, तेव्हा जीपचे हक्क असलेल्या कंपनीने २०१८ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाकडे तक्रार केली. तक्रार इंजिनाची नव्हती, चासीची नव्हती. पत्र्याच्या आकाराची होती. चौकोनी अंग, सरळ उभ्या बाजू, मागचे अंग बोनेटच्याच उंचीला संपते, असे मुद्दे. २०२० मध्ये आयोगाने तक्रार मान्य केली. मग महिंद्राने गाडीचा चेहरा बदलला आणि त्याच वर्षाच्या शेवटी बदललेली गाडी चालेल असे ठरले. आपण तुमच्या शेडमध्ये जे बघत होतो तेच तिथे वकील बघत होते.

आता पुतण्याचा प्रश्न. त्याचे म्हणणे खरे आहे, आणि रीत हीच आहे. जॅग्वार ई-टाइप १९६१ साली आली. पहिल्या मालिकेच्या दिव्यांवर काचेचे झाकण होते. १९६७ मध्ये झाकणे गेली, १९६८ च्या दुसऱ्या मालिकेत पुढचे तोंड मोठे झाले आणि मागचे दिवे बंपरच्या खाली गेले. अगदी पहिल्या पाचशेएक गाड्यांच्या बोनेटचे कुलूप बाहेरून, कुशीवर होते. अशी दोन भोके दिसली की जाणकार तिथेच थांबतो. पोर्श ९११ चे तर आणखी सूक्ष्म. १९६९ च्या मॉडेलपासून तिची मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकवली, गाडी वळणावर जास्त स्थिर राहावी म्हणून. सवा दोन इंच. नुसता आकार बघून ते कळत नाही, पण मागच्या चाकाच्या कमानीपुढे किती पत्रा उरतो ते ज्याच्या डोळ्यात बसले आहे त्याला फोटोतही कळते. आणि ९१२ ही तिची लहान इंजिनाची बहीण, तिचे अंग तेच, त्यामुळे तिथे पत्रा काहीच सांगत नाही.

या गाड्या अकोल्यात बघायला मिळणार नाहीत. पण पुतण्याने डोळा तयार करायचा असेल तर आपल्याकडे जवळची उदाहरणे आहेत. मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड घ्या. इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डचे हे रूप, आणि त्याच हेराल्डची चासी आखूड करून इंग्लंडात स्पिटफायर ही उघडी स्पोर्ट्स गाडी केली. तिचेही अंग तुकड्यातुकड्यांचे, चासीवर बोल्टने आवळलेले. बोनेट आणि मडगार्ड मिळून एकच तुकडा, तो पुढे उलटतो. जीपला लागू पडते ते तिलाही पडते. फियाटचे उलटे. कुर्ल्यात प्रीमियरने बांधलेली जुनी गोलमटोल फियाट, जिला सगळा महाराष्ट्र डुक्कर फियाट म्हणतो, आणि नंतरची पद्मिनी, या दोघींना वेगळी चासीच नाही. अंग हीच चासी. तिथे मुख्य पत्रे एकमेकांना वेल्डिंगने जोडलेले, त्यामुळे अदलाबदल अवघड आणि ओळख सोपी. डुक्कर फियाटचा पुढचा दरवाजा मागच्या बाजूच्या बिजागरीवर, उलटा उघडतो. पद्मिनीचा नेहमीसारखा. दोघींच्या चाकांमधले अंतर तेच, २,३४० मिलिमीटर. संगमनेरला किंवा नाशिकला कुणाच्या अंगणात डुक्कर फियाट दिसली तर पुतण्याने तासभर तिच्यापाशी बसावे.

आता त्या सल्ल्याकडे. तुमच्या गाडीला नऊ फटींची जाळी आणि बसके बोनेट लावायचे म्हणजे काय करावे लागेल, हे तुम्ही समजून घ्या. बसके बोनेट उंच काऊलला टेकणार नाही. म्हणून काऊल कापावा लागेल. मी उताणा पडून पाहिली ती स्पॉट वेल्डिंगची अखंड रांग करवतीखाली जाईल. खाली ते उंच इंजिन अजून जागेवर आहे, तेही काढावे लागेल, कारण नव्या बोनेटखाली ते मावणार नाही. मग फाळका बंद करावा लागेल. एवढे करून हाती येईल ती लढाईतली जीप नसेल, कारण चासी आणि तिच्यावरचा नंबर तसेच राहतील. ज्याला खाली वाकून बघता येते त्याला ते पाच मिनिटांत कळेल. आणि मुंबईत बांधलेली, एका सरकारी खात्याने वापरलेली, मग पाव शतकाहून अधिक काळ प्रवरेच्या खोऱ्यात फिरलेली उंच बोनेटची गाडी कायमची जाईल. अशा गाड्या हौसेने कापल्या जाताहेत, आणि खोट्या लढाईच्या गाड्यांची बाजारात कमतरता नाही. न कापलेला काऊल दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालला आहे.

विकायची असेल तर जशी आहे तशी, खरे नाव सांगून विका. ठेवायची असेल तर आधी तळ सांभाळा. डांबर खरवडून काढा. त्यासाठी जाळ लावू नका, रॉकेल आणि पत्र्याची खरवडणी पुरते. चाके जमिनीवरून उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. मागच्या उजव्या कोपऱ्यातला तो अँगल काढू नका, तो आजोबांच्या काळातला आहे. रंग तर आत्ता मुळीच देऊ नका. फाळक्याच्या आतल्या बाजूला, साखळीच्या कडीखाली, नखाने खरवडले तेव्हा वरच्या हिरव्याखाली करडा आणि त्याखाली पुसट निळा दिसला. कुठल्या खात्याची गाडी होती ते त्या निळ्यावरून कदाचित कळेल.

लिलावाची पावती आजोबांच्या पेटीत असेल, असे तुमच्या आई म्हणाल्या. ती शोधा. आणि चासीवरच्या नंबरचा एक फोटो पाठवा. चासीच्या उजव्या दांड्यावर, पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, तारेच्या ब्रशने गंज घासून काढा, वर खडू फिरवा, शेजारी पट्टी धरा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घ्या. मी पाहिले तेव्हा तिथे गंजाखाली तीन आकडे वाटले होते, पण उजेड कमी होता.